‘अखंड’ची वाटणी

जगात आजवर एकदाही न फुटलेल्या गोष्टी फार थोड्या आहेत आणि त्यांतली एक आमच्या गावात आहे, हे आम्ही अत्यंत जबाबदारीनं सांगतो. गहिनीनाथ म्हस्के यांनी लिहिलेला ‘अखंड’ हा प्रोग्राम पंधराएक वर्षं एकाच फाईलमध्ये, वरपासून खालपर्यंत एकसंध नांदत होता. तो फुटला नव्हता, कारण फोडायचा तर कुठून फोडायचा हे खुद्द गहिनीनाथरावांनाही सांगता येत नव्हतं.

आमचं गाव नांदूरघाटापासून फार लांब नाही. गावाला नदी नाही, किल्ला नाही, आमदार तर कधीच नव्हता. सप्ताह आहे. हरिनाम सप्ताह तसे गावोगाव होतात, पण आमच्याकडं पाहुणा आला की त्याला आधी सप्ताहाचं मैदान दाखवतात आणि मग पाणी देतात. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही, हा त्याचा कणा. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. रात्रंदिवस कुणीतरी ती धरून उभं. त्याला पहारा म्हणतात. पंगतीची आमटी गावात मोठ्या कढयांत शिजते, पण भाकरी आसपासच्या गावांतून येते. बाया घरोघर थापतात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धुतलेली धोतरं अंथरून ती भाकरी मैदानावर येते. आता कुणाची वीणा कधी, कुठल्या गावची भाकरी कधी, कीर्तनकार महाराजांना आणायला जीप कुणाची, भोंग्याचा माणूस कुठं, या सगळ्या बाऱ्या. पूर्वी बाऱ्यांवरून भांडणं होत. ‘अखंड’ आल्यापासून बारीचा मेसेज मोबाईलवर येऊ लागला आणि भांडणं मेसेज आल्यानंतर होऊ लागली. सुधारणा म्हणतात ती हीच.

गहिनीनाथराव केजला संगणकाचा क्लास चालवायचे, म्हणून गाव त्यांना मास्तर म्हणतं. पण त्यांचा खरा मान क्लासमुळं नाही, घरामुळं. चार भाऊ, त्यांच्या बायका, पोरं, नातवंडं, सगळे एका घरात. तीन पिढ्यांत वाटणी नाही. पंचक्रोशीत कुणाची पोरं बांधावरून डोकी फोडायला निघाली, की बाप त्यांना घेऊन म्हस्क्यांच्या ओसरीवर येतो आणि म्हणतो, “बघा बे, माणसं अशी राहत्यात.” मग म्हस्के मंडळी चहा देतात आणि एकत्र राहत असल्यासारखी बसतात.

प्रोग्रामही त्यांनी त्याच शिस्तीत लिहिला. वीणेचं, भाकरीचं, गाड्यांचं, मंडपाचं, सगळं एका फाईलीत. क्लासच्या पोरांना ते अभिमानानं सांगायचे, “एक चूल, एक फाईल.” पोरं ते परीक्षेत लिहायची आणि नापास व्हायची.

गेल्या वर्षी मात्र घात झाला.

झालं असं, की मास्तरांचा मुलगा अभिमन्यू, ज्याचं गावात मोबाईलचं दुकान आहे, त्यानं बापाच्या सांगण्यावरून प्रोग्रामात सुधारणा केली. ऐन सप्ताहात भाकरीची गावं वाढली होती, तर भाकरीच्या बाऱ्या लावणारं नवं फंक्शन लिहायचं होतं. फंक्शन म्हणजे नाव देऊन ठेवलेलं काम. नाव घेतलं की काम होतं. अभिमन्यूनं ते फाईलीच्या तळाशी लिहिलं आणि त्याला नाव दिलं ‘बारी’. त्याच फाईलीत वर, बऱ्याच वर, मास्तरांनी वीणेच्या पहाऱ्याचं फंक्शन लिहून ठेवलं होतं. त्याचंही नाव ‘बारी’ होतं. मास्तरांनी ही फाईल ज्या भाषेत लिहिली, तिचा असा स्वभाव आहे, की एका घरात एकाच नावाचे दोघे झाले तर ती तक्रार करत नाही. मागून आलेल्याला ठेवते आणि आधीच्याला न बोलता बाहेर काढते. सुनांचा अनुभव असलेल्या बायांना हे सांगावं लागणार नाही.

तेव्हा पाचव्या दिवशी वीणेच्या सगळ्या पहारेकऱ्यांना मेसेज गेला: ‘उद्या तुमची बारी. साठ भाकरी. ट्रॉली वेशीत थांबेल.’ तानाजी सोनवणे हा एकटा जीव, सकाळी चहासुद्धा हॉटेलात पितो. त्यानंही कुणाला काही विचारलं नाही. देवाच्या कामात शंका काढायची नसते. त्यानं गल्लीतल्या बायांच्या हातापाया पडून साठ भाकरी करवून घेतल्या आणि वेशीत जाऊन उभा राहिला. इतर पहारेकरीही आपापली टोपली घेऊन तिथंच. मैदानात भाकरी दुप्पट झाली आणि वीणा घ्यायला कुणीच नाही. पहाटेच्या पहाऱ्याला उभ्या राहिलेल्या सारजाबाई ऊन डोक्यावर येईतो वीणा गळ्यात घालून उभ्या होत्या. वीणा खाली टेकली नाही, ती त्यांच्यामुळं. पण तेवढा वेळ त्या मास्तरांकडं बघत होत्या, आणि तो वेळ मास्तरांना सप्ताहापेक्षा मोठा गेला.

यंदा सप्ताह महिन्यावर आला तेव्हा समितीची बैठक मंदिरात बसली. समितीचे अध्यक्ष उत्तरेश्वरराव हे मृदू माणूस. कुणाला दुखवायचं असलं की आधी त्याच्या तब्येतीची चौकशी करतात.

“मास्तर, गुडघा काय म्हणतोय?”

“बरा हाय,” मास्तर म्हणाले आणि सावध झाले.

“न्हाई, दगदग लई होती तुमची. एक कंपनी आलीय संभाजीनगरची. त्यांचं ॲप हाय. सगळ्या बाऱ्या तेच लावतेत. म्हनलं तुमच्या जिवाला आराम.”

“माझा प्रोग्राम हाय ना.”

“हाय की. कोन न्हाई म्हनतंय. पर मागच्या बारीला सारजाबाईचे पाय सुजलते.”

मास्तरांनी खांबाजवळ बसलेल्या सारजाबाईंकडं पाहिलं नाही. सारजाबाईंनी मात्र मास्तरांकडं पाहिलं.

“एक सप्ताह द्या,” मास्तर म्हणाले. “यंदा एक जरी बारी चुकली, तर मी सोताहून ‘अखंड’ बंद करतो. पुन्हा नाव काढनार न्हाई.”

हे बोलणं देवासमोर झालं होतं आणि देवापेक्षा वाईट म्हणजे समितीसमोर झालं होतं. आता मागं फिरता येत नव्हतं. ‘अखंड’ राहणार की जाणार, एवढाच प्रश्न उरला.

घरी येऊन मास्तरांनी अभिमन्यूला फाईल उघडायला सांगितली. अभिमन्यूनं उघडली आणि खाली खाली सरकवत राहिला.

“वर जा की,” मास्तर म्हणाले.

“आबा, वर कोन जातंय. वर गेलं की खालचं इसरतं.”

तेव्हा वर्षाराणी पुढं झाली. ही अभिमन्यूची बायको. अंबाजोगाईला इंजिनिअर झालेली, पुण्याच्या एका कंपनीचं काम माडीवर बसून करणारी. लग्न झाल्यापासून तिनं सासऱ्याच्या प्रोग्रामला हात लावला नव्हता. नव्या सुनेनं देवघराला आणि सासऱ्याच्या फाईलीला आपणहून हात लावायचा नसतो. आता सासऱ्यानंच खुर्ची सोडली म्हणून ती बसली. दुपारभर वाचत होती. मग खाली आली आणि ओसरीवर उभी राहून म्हणाली, “आबा, दोन ‘बारी’ आहेत. एक तुमची, एक ह्यांची. नाव बदलून आजचं भागेल. पण उद्या तिसरं कुणीतरी त्याच नावाचं लिहील. हे सगळं वेगळं करावं लागेल.”

ओसरीवर चारही भाऊ होते. कुणी सुपारी कातरत होतं, ते थांबलं.

“काय म्हनलीस?” मास्तर म्हणाले.

“वेगवेगळ्या फाईली. मॉड्यूल म्हणतात. वीणेचं एक, भाकरीचं एक…”

“सूनबाई, ह्या घरात वेगळं करायचं नाव तीन पिढ्यांत कुनी काढलं न्हाई.”

“घर नाही आबा, फाईल.”

“आज फाईल. उद्या?”

धाकटे भाऊ रामेश्वर यांनी हळूच विचारलं, “उद्या काय?” त्यांना खरंच उत्सुकता होती. मास्तरांनी त्यांच्याकडं असं पाहिलं, की ते पुन्हा सुपारीकडं वळले.

वर्षाराणीनं समजावून पाहिलं. म्हणाली, आपल्या भागात नाथांची नावं. भर पंगतीत ‘नवनाथ’ म्हणून हाक मारली तर निम्मी पंगत हात धुते. म्हणून तर आपण विहिरीवरचा नवनाथ, गिरणीवाल्यांचा नवनाथ म्हणतो. घर आधी आणि नाव मागून. आता गिरणीवाल्यांना बारसं करताना विहिरीवरच्यांची परवानगी लागते का? प्रोग्रामातही तेच. वीणेच्या घरातली ‘बारी’ वेगळी, भाकरीच्या घरातली वेगळी. दोघींनी सुखानं एकच नाव लावावं. नेमस्पेस म्हणतात त्याला.

“तेच म्हनतो मी,” मास्तर म्हणाले. “दोन घरं करायला लागलीस तू.”

युक्तिवाद इथं अडला. मराठवाड्यातला कुठलाही युक्तिवाद अडला, की आतून बाई येते. मास्तरांच्या पत्नी रुक्मिणीबाई चहाची ताटली घेऊन आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ओसरीवरचं आतल्यांना ऐकू जात नाही, हा पुरुषांचा समज आहे.

“चहा कुठला हाय हा?” त्यांनी नवऱ्याला विचारलं.

“कुठला म्हंजी? आपल्या चुलीवरचा.”

“हा धाकलीच्या खोलीतला हाय. आपल्या सैपाकघरातली साखर संपली. मधलीच्या खोलीत शेगडी हाय, तिसरीच्या हाय, धाकलीच्या हाय. सूनबाईच्या माडीवर तर फ्रीज बी हाय. चार चुली हायेत घरात. तुमी कधी आत आलाव का बघायला?”

मधल्या भावानं आपला चहा जरा जपून खाली ठेवला.

“मग वाटनी झाली का आपली?” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “सन एक, लगीन एक, दारावरचं नाव एक. जिला जे लागंल ते दुसरीच्या दारात जाऊन मागून घ्यायचं. न इचारता कुनाच्या खोलीत शिरायचं न्हाई आन् दुसरीच्या डब्यात हात घालायचा न्हाई. म्हनून तर टिकलं. सगळं एका सैपाकघरात असतं तर आमी जावा-जावांनी कवाच लाटनी काढली असती.”

“हेच आई,” वर्षाराणी म्हणाली. “मागून घ्यायचं, त्यालाच इम्पोर्ट म्हणतात.”

“म्हनत असतील,” रुक्मिणीबाई म्हणाल्या आणि कप गोळा करून आत गेल्या.

मास्तरांनी ओसरीवरूनच आत डोकावून पाहिलं. मग म्हणाले, “मला म्हाईत होतं.” काय माहीत होतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि ते विचारायची त्या घरात पद्धत नव्हती. पण त्यांनी मान्यता दिली. अट घातली ती अशी: बाहेरच्या फोल्डरचं नाव ‘अखंड’च राहील आणि आतले भाग ते स्वतः पाडतील. थोरला जिवंत असताना दुसऱ्यानं वाटे पाडायचे नाहीत.

इथं चूक झाली. आमच्याकडचाच माणूस करू शकेल अशी चूक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी अंघोळ केली, गंध लावलं, तिन्ही भावांना ओसरीवर बसवलं आणि ‘अखंड’ची न्याय्य वाटणी केली. भाऊ चार, म्हणून वाटे चार. फाईलीच्या एकूण ओळींना चारानं भागलं. रिकाम्या ओळी पडीक म्हणून निम्म्या धरल्या. नुसत्या टिपा लिहिलेल्या ओळी जिरायत आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या बागायत, असा हिशोब लावून जिथं जिरायत जास्त गेली तिथं वर थोडी भर घातली. शेवटी दोन-तीन ओळी उरल्या, त्या देवाच्या नावानं सोडल्या. मग रिवाजाप्रमाणं थोरल्यानं पाडलेल्या वाट्यांतून आधी धाकट्यानं उचलायचं होतं.

“उचल, रामेश्वर.”

“दादा, कुठला चांगला हाय?”

“सगळे सारखेच हायेत.”

रामेश्वर यांनी दुसरा उचलला, कारण पडद्यावर त्यात रंगीत अक्षरं जास्त दिसत होती. मग तिसऱ्यानं, मग मधल्यानं, आणि उरला तो थोरल्यानं घेतला. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. बांधावरचं झाड कुणाचं यावरून कोर्टात गेलेली घराणी त्यांनी पाहिली होती. इथं एक शब्द वर-खाली झाला नाही.

मग वर्षाराणीनं प्रोग्राम चालवून पाहिला. तो चालला नाही. रामेश्वर यांच्या वाट्याच्या शेवटी एक ‘जर’ आला होता आणि त्याचा ‘तर’ तिसऱ्या भावाकडं गेला होता. वीणेचं फंक्शन कमरेत कापलं गेलं होतं. पहारेकऱ्यांची नावं थोरल्याकडं आणि त्यांचे मोबाईल नंबर मधल्याकडं.

“वाटे बरोबर हायेत,” मास्तर म्हणाले. “कॉम्प्युटरला न्याय कळत न्हाई.”

“बरोबर आहेत आबा,” वर्षाराणी म्हणाली. ती पुण्याच्या कंपनीत काम करते. चुकलेल्याला बरोबर म्हणून मग दुरुस्त कसं करायचं, याचाच तिला पगार मिळतो. “फक्त एक विचारू? सप्ताहात कुणाकडं काय असतं?”

“म्हंजी?”

“तुमच्याकडं वीणा. पहारेकरी तुम्हीच ठरवता. मधल्या काकांकडं कढया आणि भाकरी. तिसऱ्या काकांकडं गाड्या. रामेश्वरकाकांकडं मंडप आणि भोंगा. मग ज्याचं काम त्याचा वाटा. ओळी किती का येईनात.”

मास्तरांनी भावांकडं पाहिलं. भावांनी एकमेकांकडं पाहिलं. आजवर कुणी म्हटलं नव्हतं, पण तसंच होतं.

“मग माझं लई बारकं होतंय,” रामेश्वर म्हणाले. मंडप आणि भोंगा मिळून जेमतेम पडदाभर ओळी भरत होत्या.

“बारकं असलं की बिघाड लवकर सापडतो काका.”

रामेश्वर यांनी यावर विचार केला. घरातल्या धाकट्याला असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग वर्षाराणीनं ते काम केलं. चार फाईली: थोरले, मधले, तिसरे, धाकटे. नावं भावांची, पोटात काम ज्याचं त्याचं. सगळ्यांना लागणारं, म्हणजे तारखा, माणसांची नावं, मोबाईल नंबर, असं पाचव्या फाईलीत ठेवलं. तिला नाव दिलं ‘ओसरी’. ज्याला जे लागेल त्यानं पहिल्या ओळीत तसं लिहून मागून घ्यायचं. काम करताना तिला आढळलं, की तिसऱ्यांच्या गाड्यांच्या ओळी आजवर परस्पर थोरल्यांच्या वीणेची तारीख बदलत होत्या. तिनं ते मास्तरांना दाखवलं. मास्तरांनी ते भावाला सांगितलं नाही. घर असं टिकतं.

आता वीणेचा मेसेज काढायचा तर नुसतं ‘बारी’ म्हणून भागत नव्हतं, ‘थोरले’ म्हणून मग ‘बारी’ म्हणावं लागे, आणि भाकरीला ‘मधले’ म्हणून मग ‘बारी’. मास्तरांना हे फार आवडलं. आधी घराण्याचा उल्लेख, मग कामाचं नाव. लग्नपत्रिकेसारखं. संध्याकाळी ते पारावर बसून कुणी विचारलं नसताना लोकांना सांगू लागले, “नेमस्पेस म्हंजी काय, तर मानूस कुनाचा हाय ते आधी सांगायचं.” लोक म्हणाले, हे तर आम्ही पहिल्यापासून विचारतो.

सप्ताह बसला.

पहिल्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. मंडपाच्या खांबाला टेकून वीणेकडं बघत उभे राहिले. वीणा सारजाबाईंच्याच गळ्यात होती; समितीनं मुद्दाम मास्तरांकरवी त्यांनाच पहिला पहारा देवविला होता, आणि मृदू माणसं असा सूड घेतात. पहारा बदलायची वेळ झाली तसे मास्तर वाटेकडं बघू लागले. वाटेवर बकरी होती. मग बकरीच्या मागून तानाजी सोनवणे आला. डोकं धुतलेलं, कपाळाला बुक्का, हातात टोपली नाही. मास्तरांनी पुन्हा पाहिलं. खरंच टोपली नव्हती. तानाजी सारजाबाईंच्या पाया पडला आणि वीणा घेतली. सारजाबाई जाता जाता मास्तरांजवळ थांबल्या.

“यंदा पाय बरे हायेत माझे,” म्हणाल्या.

मास्तरांना त्या वाक्यानं जे झालं ते लिहिता येणार नाही. ते घरी गेले आणि चार भाकरी जेवले.

बाऱ्या बिनबोभाट लागत गेल्या. भाकरीच्या ट्रॉल्या ज्या गावाच्या त्या गावाहून आल्या. महाराजांना आणायला गेलेली जीप महाराजांनाच घेऊन आली, जे मागं दोनदा झालं नव्हतं. मधेच एका सकाळी भोंग्याच्या माणसाला मेसेज गेला नाही. पूर्वी एक ओळ बिघडली की अख्खा ‘अखंड’ मान टाकायचा आणि वीणेपासून जीपेपर्यंत सगळं मुकं व्हायचं. या खेपेला फक्त भोंगा मुका होता. वर्षाराणीनं धाकट्यांची फाईल उघडली, पडदाभर ओळींवर नजर टाकली, आणि रुक्मिणीबाईंचा चहा उकळून कपात येईतो बिघाड काढून दिला.

रामेश्वर दिवसभर ज्याला त्याला सांगत होते, “बिघाड माझ्यात होता. लगेच घावला.” थोरल्या तिघांच्यात काहीच बिघडलं नव्हतं म्हणून त्यांना सांगण्यासारखं काही नव्हतं. मधले जरा खट्टू दिसले.

काल्याच्या दिवशी मैदानात मुंगीला जागा नव्हती. कीर्तन झालं, दहीहंडी फुटली. उत्तरेश्वररावांनी भोंग्यावरून, म्हणजे रामेश्वर यांच्या भोंग्यावरून, सांगितलं की यंदा सात दिवसांत एकही बारी चुकली नाही, आणि मास्तरांना व्यासपीठावर बोलावलं. शाल दिली, नारळ दिला. मास्तरांनी माईक हातात घेतला. आजवर त्यांनी या जागेवरून बरीच भाषणं केली होती आणि ती सगळी ‘मी हा प्रोग्राम’ या शब्दांनी सुरू झाली होती.

“हे माझं न्हाई,” ते म्हणाले. “माझ्या सुनंचं हाय. वर्षाराणी, वर ये.”

वर्षाराणी बायांच्या बाजूला बसली होती. ती उठेना, तशी रुक्मिणीबाईंनी तिला पाठीमागून असा हात दिला, की ती थेट पायरीपर्यंत गेली. मास्तरांनी अंगावरची शाल काढून तिच्या खांद्यावर घातली. सासऱ्यानं सुनेला भरल्या मैदानात शाल घातलेली आमच्या गावानं पहिल्यांदा पाहिली. काही म्हाताऱ्यांनी घसा खाकरला आणि मग टाळ्या वाजवल्या, कारण बाया आधीच वाजवत होत्या.

“आमच्या घरात वाटनी झाली न्हाई,” मास्तर माईकवर म्हणाले. “खोल्या पडल्या. आन् खोल्या पडल्या म्हनून घर उभं हाय. कुनाला बघायचं आसंल तर या, चहा घ्या. चार ठिकानी मिळंल.”

मैदान हसलं. चारही भाऊ एका रांगेत उभे होते, छात्या पुढं काढून, आपापल्या फाईलीसारखे. त्या दिवशी गावात म्हस्क्यांइतकं ताठ कुणी चाललं नाही. गावही काही कमी ताठ नव्हतं. बसनं परत निघालेल्या पाहुण्यांना लोक सांगत होते की आमचा सप्ताह मॉड्यूलवर चालतो. पाहुण्यांना वाटलं हे नव्या जनरेटरचं नाव असावं आणि तेही कौतुकानं मान हलवत होते.

महिन्याभरानं उत्तरेश्वरराव मास्तरांकडं आले. आधी गुडघ्याची चौकशी केली. चहा मधलीच्या खोलीतून आला. ‘अखंड’सारखं काम उभ्या जिल्ह्यात झालं नाही, असं ते दोनदा म्हणाले आणि ते मनापासून होतं. मग सांगितलं, की पुढच्या वर्षीच्या बाऱ्या संभाजीनगरची ती कंपनी लावणार आहे.

मंडप कंपनीच्या खर्चानं उभा राहणार होता.